तुम्ही विचारलंत म्हणून: कंपवात आणि ताटातली डाळ

"मॅडम, मेंदूत प्रोटीन साचतं म्हणतात. मग ह्यांची डाळ, अंडी बंद करू का?" ठाण्याच्या नौपाड्यात कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) पेशंटांची घरची माणसं जमतात, तिथे हा प्रश्न हमखास येतो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून तो माझ्याकडे वळतो. उत्तर आधीच देते: नका बंद करू. एका काकूंनी काकांची डाळ महिनोन्महिने तोडली होती. काकांच्या हातातलं घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरत होतं. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

साचतं ते अल्फा-सिन्युक्लिन. ते ताटातून येत नाही. डाळीतलं प्रोटीन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत, म्हणजे त्याच्या सुट्या मण्यांपर्यंत, मोडलं जातं, आणि १४० अमिनो आम्लांची ही साखळी मेंदूतली पेशी स्वतः घडवते. ती तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे. पेशीच्या टोकाशी डोपामिनसारखी रसायनं सोडली जातात, त्या कामात तिचा हातभार असतो. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली पेशींमधल्या ज्या गुठळ्यांचं वर्णन केलं, त्या मुख्यतः याच प्रोटीनच्या आहेत, हे १९९७ मध्ये कळलं.

मग ते का साचतं? पेशी जुनी प्रोटीनं सतत मोडत असते. मोडायची जागा म्हणजे लायसोसोम, शाळेच्या पुस्तकातली लयकारिका. पण तिथे पोचण्याआधी बराच माल एंडोसोम नावाच्या पिशवीत येतो. हे आपलं ठाणे स्टेशन समजा: कुणी कर्जत-कसाऱ्याकडे, कुणी पूल ओलांडून वाशी-पनवेलची गाडी धरायला. एंडोसोममध्येही तशीच फाटाफूट होते. काही प्रोटीनं लायसोसोमकडे मोडीत जातात, काही पुन्हा वापरायला परत पाठवली जातात. परत पाठवण्याचं काम रेट्रोमर नावाचा प्रोटीनांचा समूह करतो.

रेट्रोमरचाच एक भाग आहे व्हीपीएस३५. त्याच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांत कंपवात येतो, हे २०११ मध्ये दिसलं. याचा लायसोसोमशी थेट संबंध आहे. लायसोसोममध्ये मोडतोड करणारी एन्झाइमं पोचवून रिकामे झालेले वाहक रेट्रोमरच परत आणतो. ते परत आले नाहीत, तर पुढचं एन्झाइम कोण नेणार? मोडीचं काम तिथेच मंदावतं.

एलआरआरके२ हे दुसरं जनुक. त्याचं एन्झाइम रॅब नावाच्या प्रोटीनांवर फॉस्फेट चढवतं, आणि मालाची कुठली पुटिका (छोटी पिशवी) कुठे जायची हे ठरवण्यात रॅबांचा मोठा वाटा असतो. जनुकात दोष असला की हे एन्झाइम गरजेपेक्षा जास्त काम करतं. तिसरं जीबीए१, ते तर लायसोसोममधल्याच एका एन्झाइमचं जनुक. बहुतेक पेशंटांत असा एकच ठळक जनुकीय दोष सापडत नाही, हेही सांगायला हवं. तरी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कुटुंबांत सापडलेली ही जनुकं शेवटी लायसोसोमकडच्या एकाच वाटेवर भेटतात, हे शिकवताना माझ्या अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

आता पुन्हा डाळीकडे. आहारातल्या प्रोटीनचा संबंध येतो तो गोळीशी. कंपवाताच्या गोळीतलं औषध लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकांवरून जातं, त्यांवरच काही अमिनो आम्लंही जातात. भरपेट जेवणावर गोळी घेतली की ती काहींना कमी लागू पडते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा जेवणाआधी अर्धा तास गोळी घ्यायला सांगतात. मळमळ होत असेल, तर वेळ त्यांनाच विचारून बदला. प्रश्न वेळेचा आहे, डाळ तोडण्याचा नाही. वजन आधीच उतरत असेल, तर ताट कमी करणं धोक्याचं.

आणि हो, खोकल्याच्या अँब्रॉक्सॉलबद्दलही तुम्ही विचारता. ते जीबीए१च्या एन्झाइमला मदत करतं, म्हणून त्यावर अभ्यास चालू आहेत. लहानशा चाचणीत दिवसाला १.२६ ग्रॅम दिलं होतं. खोकल्याची गोळी असते ३० मिलिग्रॅमची. त्याने कंपवात थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. सिरपच्या बाटल्या आणून घरी प्रयोग करू नका, कळकळीने सांगते. पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जाल, तेव्हा गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा एका कागदावर लिहून न्या.