कोल्हापूरहून सावंतवाडी: पेटी घेताना आधी झाकण बघा

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पहाटेची गाडी धरली की आजरा-आंबोलीमार्गे साधारण चार तासांत सावंतवाडी. परतीच्या शेवटच्या गाडीची चौकशी उतरल्या उतरल्या करून ठेवा. परदेशी गिऱ्हाइकांना विकायला सावंतवाडीच्या रंगीत लाकडी पेट्या घ्यायच्या असतील तर जुलै-ऑगस्टात मुळीच जाऊ नका. घाटातलं धुकं परवडलं, ओलं लाकूड परवडत नाही. फेब्रुवारी ते मे हा खरेदीचा काळ.

आधी मोती तलावाकाठचा राजवाडा. तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हातानं रंगवताना दिसतात. दुपारच्या जेवणाची वेळ टाळा. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. हा संच ठेवायची सरकत्या झाकणाची लाकडी पेटीही हातानंच रंगवलेली. युरोप-अमेरिकेतलं गिऱ्हाईक पानं खेळत नाही; त्याच्या दिवाणखान्यात मांडली जाते ती पेटी. सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

मग चितारआळी. इथे कातकामाच्या, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवत घडवलेल्या, लाखेच्या डब्या मिळतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानानं घासल्यावर चकाकी येते. ही चकाकी अल्कोहोलमध्ये विरघळते. डबीवर अत्तर किंवा सॅनिटायझर सांडलं की डाग कायमचा, म्हणून गिऱ्हाइकाला सोबत चिठ्ठी द्याच: फक्त कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. काही दुकानांत पितळी जडावाच्या शिसवी पेट्या दिसतील. त्या इथल्या नव्हेत, बहुधा सहारनपूरच्या. शिसवाला साइट्सचे, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम लागतात, कागदपत्रं वेगळी. त्या लाखेच्या डब्यांबरोबर एकाच खोक्यात मिसळू नका.

सगळ्यात जास्त वेळ झाकणाला द्या. कोकणातल्या दमट हवेत लाकडात १५-१६ टक्के ओलावा राहू शकतो. तीच पेटी थंडीत हीटर चालणाऱ्या घरात गेली की तो सात-आठवर उतरतो. लाकूड आकसतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाही. पंधरा सेंटीमीटर रुंद फळी दोन-तीन मिलिमीटर सहज आत येते. चारी बाजूंनी डिंकानं चिकटवलेली फळी मग मधोमध तडकते आणि चित्राचे दोन तुकडे होतात. खाचेत मोकळी बसवलेली फळी तेवढी वाचते. म्हणून पेटी उलटी करा, तळाची फळी बोटानं दाबा. किंचित हलली तर ती चांगली खूण. सरकतं झाकण एका बोटानं सरकलं पाहिजे, पण पेटी कलती केल्यावर आपोआप बाहेर यायला नको.

ओलाव्याचं मीटर असेल तर रंग नसलेल्या तळाला टोचा; दहाच्या आसपास आकडा हवा. मीटर नसेल तर नमुन्याची एक पेटी घरी आणून वजन करा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात आठवडाभर ठेवा आणि पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम घटले तर ती लाकडं अजून वाळायची आहेत. कोपऱ्यात बारीक भोक आणि त्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर किडा आत आहे. तो अख्खा लॉटच सोडा.

मुलांसाठी म्हणून विकणार असाल तर रंगातल्या शिशाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. अमेरिकेत मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे. बाहेरचं खोकं जाड पुठ्ठ्याचं घ्या. कच्च्या लाकडाच्या क्रेटला उष्णता-प्रक्रिया आणि तिचा शिक्का लागतो. प्रक्रिया म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं. आयात-निर्यात कोड काढलेला असेल तर थोडा माल डाकघर निर्यात केंद्रातूनही जातो.

बबल रॅप थेट लाखेवर गुंडाळू नका. वाटेत उन्हानं लाख मऊ पडते आणि फुग्यांचे गोल ठसे तिच्यावर उमटतात. आधी धुतलेलं मलमल, त्यावर बटर पेपर, मग बबल रॅप. झाकण आणि पेटीमध्ये पातळ कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर नवी लाख लाखेला चिकटते.