तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्प्ले मिळत असताना कागदाची डायल कशाला?

घरी कुणी आलं आणि टेबलावरचा मी बनवलेला रेडिओ, त्यावरची नॉबमागची छापील आकड्यांची डायल बघितली की आधी "वा" म्हणतात आणि लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "अहो पण डिजिटल डिस्प्ले हल्ली दोन-चार मिसळींच्या पैशात मिळतोय की, आकडा सरळ समोर दिसतो, मग हे रेघा छापून, कापून, चिकटवत कशाला बसायचं?" इतकी वर्षं मी "नाद आहे" म्हणून सुटायचो, कोल्हापुरात नाद म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. पण गेल्या आठवड्यात दोघांनी परत विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी पण आधी डिस्प्लेवालाच होतो. आत्यासाठी, म्हणजे आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, तिच्यासाठी मीडियम वेव्हचा सेट बांधला होता. तिचं सगळं आयुष्य सांगलीकडं गेलेलं, त्यामुळं तिला आकाशवाणीचं सांगली केंद्र पाहिजे होतं, बाकी काही नको. मी हौसेनं लाल आकड्यांचा काउंटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजून दाखवणारा डिस्प्ले, लावला. तो ऑसिलेटर, म्हणजे सेट स्वतः आत तयार करतो ती लहर मोजायचा, त्यातनं आयएफचे, म्हणजे सेटच्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीचे ४५५ वजा करायचा आणि सांगलीची फ्रिक्वेन्सी, १२५१ किलोहर्ट्झ, दाखवायचा. आणि स्पीकरमधनं नुसतं किर्रर्र. हे आकडे सगळे एकदम पेटलेले नसतातच, एकामागं एक इतक्या भराभर उघडझाप करतात की डोळ्याला कळत नाही, पण त्या उघडझापीचा कचरा मीडियम वेव्हभर पसरतो आणि आत फेराइट रॉड, म्हणजे सेटचा अँटेना, तर असलं सगळं गोळा करायलाच बसलेला. पत्र्याच्या डबीत घातला, वायरी गुंडाळल्या, थोडा फरक पडला. शेवटी डिस्प्ले बंद केला आणि सांगली कशी स्वच्छ. मग डिस्प्ले बंद ठेवूनच ऐकायचं ठरलं, आणि ते ठरल्यावर सांगली कुठं आहे हे कळायला काहीच उरलं नाही.

मी आक्काला म्हटलं, लावताना डिस्प्ले चालू कर, बाराशे एक्कावन्न आलं की बंद कर. ती म्हणाली, "मला बाराशे एक्कावन्न काय करायचंय रे, मला सांगली दाव." आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं नॉबच्या बाजूला कॅबिनेटवर कपाळाची टिकली चिकटवलेली. बाण टिकलीवर आला की सांगली. मी बनवलेल्या रेडिओवरची पहिली डायल ती, आणि माझी नव्हती.

टिकली चार दिवसांत घसरली म्हणून मी म्हटलं आपण नीट छापूया. तिथनं हे सुरू झालं.

आता लोकांना वाटतं डायल छापणं म्हणजे कोनमापकासारख्या सारख्या अंतरावर रेघा मारायच्या आणि आकडे टाकायचे. तसं असतं तर मी पण बाजारातनंच आणली असती. मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी साधारण तिप्पट होते, पण फ्रिक्वेन्सी कपॅसिटीच्या (वीज साठवायच्या क्षमतेच्या) वर्गमुळाच्या उलट चालते त्यामुळं गँगला, म्हणजे नॉबनं फिरणाऱ्या पात्यांच्या कंडेन्सरला, कपॅसिटी नऊपट बदलावी लागते. माझ्याकडचा जुना गँग, अर्धगोल पात्यांचा, त्याची कपॅसिटी अंशागणिक सारखी वाढते. हिशोब केला तर बंद बाजूनं, म्हणजे पात्या पूर्ण आत असताना, अर्धा फिरवला तरी आपण ५३१ वरनं जेमतेम ७१३ वर पोचतो, आणि उरलेल्या अर्ध्यात ७१३ पासनं १६०२ पर्यंत सगळी गर्दी, सणाच्या संध्याकाळच्या महाद्वार रोडसारखी. धारवाड ७६५ आणि पुणे ७९२, दोघांत २७ किलोहर्ट्झ, तर डायलवर सहा अंश मिळाले. सांगली १२५१ आणि पणजी १२८७, दोघांत ३६, म्हणजे अंतर जास्त, पण अंश फक्त दोन! पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या डायलवर दोन अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. रात्री पणजी जोरात आली की आक्का का वैतागायची ते मला हा आकडा बघितल्यावर कळलं. तोपर्यंत मी तिलाच सांगत होतो की हळू फिरव.

आणि हे सगळं माझ्या गँगचं. तुमच्या गँगच्या पात्या वेगळ्या आकाराच्या असतील, कॉइलला चार वेढे कमीजास्त असतील, ट्रिमर (जुळवणीचा बारका कंडेन्सर) वेगळा बसला असेल. त्यामुळं हिशोबावर डायल छापत नाहीत, हिशोब फक्त अंदाजाला. खरी रीत अशी की आधी ० ते १८० अंशांचा साधा कागद छापायचा, शाफ्टवर, म्हणजे गँगच्या दांड्यावर बसवायचा, आणि दर दहा अंशाला फ्रिक्वेन्सी किती ते वहीत लिहायची, गर्दीच्या टोकाला दर पाच अंशाला. इथं मी काउंटर जोडतोच, नाही म्हणत नाही, पण एकदाच, मग काढून ठेवतो. मग त्या टिपणावरनं उलटा प्रश्न सोडवायचा, ६०० ला किती अंश, ६५० ला किती, मधल्या जागांसाठी बिंदूंमधनं गुळगुळीत वक्र काढून. सरळ रेघेनं जोडलं तर वरच्या टोकाला फसता. मी पायथनमधे चाळीसएक ओळी लिहिल्यात, त्या रेघा काढून देतात, मग इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे सजावट. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या एका हॅमनं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यानं केलेलं गॅल्व्हा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

चुका किती केल्या ते सांगतो, कारण खरं शिक्षण तिथंच झालं. पहिली डायल घेऊन राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडं गेलो, पोरगा म्हणाला, "काका, वजनकाट्याची हाय व्हय?" मी म्हटलं तसंच समज. घरी येऊन बसवली तर कडेनं सगळीकडं आखूड. फिट टू पेज! म्हणजे प्रिंटरनं कागदात मावावं म्हणून चित्र लहान केलेलं. तेव्हापासनं प्रत्येक कागदावर कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ टाकतो आणि दुकानातच पट्टी लावून मोजतो, पोरगं आता मला बघितलं की स्वतःच पट्टी काढतं. दुसरी चूक त्याहून भारी. कॅबिनेटवर डायल स्थिर आणि बाण फिरतो तेव्हा आकडे घड्याळाच्या दिशेनं वाढतात, बरोबर, पण नंतरच्या सेटमधे मी डायलच शाफ्टवर बसवली आणि बाण स्थिर केला, आणि आकडे मात्र तसेच घड्याळाच्या दिशेनं ठेवले. नॉब उजवीकडं फिरवला की रेडिओ वर चाललाय आणि डायल म्हणतेय खाली. डायल फिरत असेल तर आकडे उलट दिशेनं मांडायचे, एवढी साधी गोष्ट कळायला मला तीन प्रिंट लागल्या.

मधलं भोक. हे कुणी सांगत नाही. डायल कापून मग अंदाजानं भोक पाडलं आणि ते एक मिलिमीटर बाजूला गेलं तर पाच सेंटिमीटर त्रिज्येवर एक अंशापेक्षा जास्त चूक होते, आणि सांगलीच्या तिथं एक अंश म्हणजे सतरा किलोहर्ट्झ, जवळजवळ दोन स्टेशनांची जागा. म्हणून मध्यावर बारीक फुली छापायची, भोक आधी, गोल कापणं नंतर. शाफ्टचं पण तसंच, जुन्या गँगचा पाव इंची आणि नॉब सहा मिलिमीटरचा, तो बसतच नाही आणि ठोकून बसवला तर वाकडा फिरतो. उद्यमनगरात लेथवाल्याकडनं बुश, म्हणजे मधे बसणारी धातूची नळी, करून आणलं, त्यानं चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत, काय बनवताय ते मात्र अर्धा तास विचारून घेतलं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला त्या गावात बुशसाठी अडून राहायचं म्हणजे लाजच की.

कागद. पावसाळ्यात आमच्याकडं मीठ पण पाण्यागत होतं, तिथं कागदाची काय कथा. पांढऱ्या गोंदानं चिकटवलेली डायल गोंद ओला असतानाच फुगली, वाळताना सुरकुतली, आणि इंकजेटची शाई पसरून ९०० चे ८०० वाटायला लागले. आता लेझर प्रिंट, स्टिकर पेपरवर, वर लॅमिनेशन. मागनं दिवा पाहिजे असेल तर ट्रेसिंग पेपरवर छापून मागं पिवळी एलईडी, त्याला जुन्या व्हॉल्व्ह सेटची कळा येते. रेडियमवाल्याकडनं पण एकदा कापून घेतली होती, लांबनं झकास दिसते, पण बारीक रेघा सोलताना निघून येतात. मोठ्या आकड्यांपुरतं ठीक.

आणि अक्षरं. आक्कासाठी गावांची नावं मराठीत टाकायची होती. इंकस्केपमधे मजकूर गोलाईवर बसवला तर प्रत्येक अक्षर वेगळं वळतं आणि शिरोरेखा तुटते, "धारवाड" दात पडल्यागत दिसायला लागलं. इंग्रजीला हा त्रास नाही, त्यांची अक्षरं मुळात सुटी. मग अख्खा शब्द सरळ ठेवून तोच तिरका फिरवला, केंद्राकडनं बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखा. सांगली आणि पणजी एकावर एक येत होते म्हणून सांगली आतल्या वर्तुळात, पणजी बाहेर. मला फार देखणं वाटलं. आक्कानं चष्मा लावून बघितलं, "छान हाय" म्हणाली, आणि सांगलीच्या रेघेवर परत टिकली चिकटवली. अक्षर बारीक होतं. पुढच्या प्रिंटला सांगली दुप्पट मोठी केली आणि पणजी काढूनच टाकली.

सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हॅम लोकांच्या पट्ट्यावरच्या, डायरेक्ट कन्व्हर्जन (आयएफ नसलेल्या साध्या) सेटची डायल त्या मानानं सोपी. ७००० ते ७२०० ला कपॅसिटी सहा टक्क्यांहून कमी बदलावी लागते, सिरीजमधे छोटा कंडेन्सर टाकून पट्टा पसरवला की रेघा जवळजवळ सारख्या अंतरावर येतात, किलोहर्ट्झला एक अंशाला थोडं कमी. तिथं मी वेगळाच शहाणपणा केला, डबा उघडा ठेवून सगळं मोजलं, डायल छापली, लॅमिनेट केली, मग पत्र्याचं झाकण लावलं आणि सगळं सहा किलोहर्ट्झनं सरकलं. झाकण लावून, अर्धा तास तापू देऊन, मगच वही उघडायची. आणि बाणाची पारदर्शक पट्टी थोडी इकडंतिकडं सरकवता येईल अशी ठेवायची, ॲक्रिलिकच्या पट्टीवर मागच्या बाजूनं सुईनं एक रेघ ओरखडायची म्हणजे ती कागदाला टेकून राहते आणि तिरकं बघितलं तरी आकडा बदलत नाही.

तर डिस्प्ले का नाही. किर्रर्र आवाजाचं कारण सांगितलंच, चांगली शिल्डिंग (धातूचं आवरण) केली तर ते जातं हेही खरं, काहीजणांनी घालवलंय. पण डिस्प्ले मला एकच आकडा दाखवतो. डायलवर मला धारवाडच्या शेजारी पुणं दिसतं, पुढं मुंबई १०४४, आणि तिथनं सांगलीपर्यंत किती फिरवायचं ते हाताला आधीच कळतं. आक्का तर आता न बघता लावते.

राहता राहिला दुसरा नेहमीचा प्रश्न, "तुमची फाइल पाठवा की." मागाल तर पाठवीन, पण ती तुमच्या सेटवर खोटं बोलेल. त्यापेक्षा अंशांचा कोरा कागद पाठवतो, शंभर मिलिमीटरच्या रेघेसकट. फिट टू पेज बंद करा.