“बजेट संपलं होतं”

“मामा, हे बघ. बजेट संपलं होतं बहुतेक!”

भाच्याने मोबाइल पुढे केला. ‘नारुतो शिप्पुडेन’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा 167 वा भाग, पेन नावाच्या खलनायकाबरोबरची नारुतोची लढाई, बरोबर मधेच थांबवलेली. चेहरा रबरासारखा ताणलेला. पोरगं खदाखदा हसत होतं.

म्हटलं, आता चालू कर.

चालू केल्यावर तो चेहरा डोळ्यांना सापडतच नाही. जाणवतो तो फक्त वेग आणि फटका. थांबवून बघण्यासाठी ते चित्र काढलेलंच नाही मुळी.

पण ते “बजेट”, म्हणजे पैसे संपले म्हणून चित्र बिघडलं, हे डोक्यातून जाईना. 2010 च्या या भागाचा दिग्दर्शक आत्सुशी वाकाबायाशी. आधीच्या ‘नारुतो’ मालिकेतला भाग 133, धबधब्यापाशी नारुतो आणि त्याचा मित्र सासुके भिडतात तो, तोही त्याचाच. त्यातली नोरिओ मात्सुमोतोने काढलेली हाणामारी आजही लोक पुन्हा पुन्हा लावून बघतात. स्टुडिओ तोच, पिएरो. दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणजे दिग्दर्शक आणि चित्रकार आलटूनपालटून येणार. म्हणून एकाच मालिकेत एक मारामारी अंगावर येते आणि दुसरीत दोघं नुसते उभे राहून बोलत बसतात.

167 मध्ये काही ठिकाणी जरा अतीच झालंय, हेही खरं. पण ती कुणाची तरी निवड आहे, कंजुषी नाही.

भाच्याला नारुतोचा आवाज देणारी बाई नावानिशी माहीत आहे. चित्रं काढणाऱ्यांपैकी एकही नाही. तुम्हाला किती माहीत आहेत?