बिडाचा तवा आणि जर्मन पॅनकेक

रविवारी सकाळी आमच्या घरी एकच नियम कडक आहे. ओव्हनच्या टायमरची पाच मिनिटं उरली की सगळ्यांनी टेबलाशी येऊन बसायचं. आंघोळ राहिली असेल तर राहू दे, पेपर अर्धा असेल तर नंतर वाचा. जर्मन पॅनकेक, म्हणजे अंडी-दूध-मैद्याचं पातळ पीठ तापलेल्या तव्यात ओतून ओव्हनमध्ये फुगवलेला पदार्थ, बाहेर आला की मिनिट-दीड मिनिटात खाली बसतो. तो फुगलेला असताना बघायला मिळाला नाही तर माझी नात दिवसभर माझ्याशी बोलत नाही.

माझी सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, हीट ट्रीटमेंट खात्यात झाली. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, १९६२ सालची. आता तिथे काचेच्या इमारती आणि आयटीवाले जास्त दिसतात. भट्टीत जॉब, म्हणजे धातूचा भाग, ठेवायचा, ठरलेल्या तापमानाला न्यायचा आणि ताप पार गाभ्यापर्यंत मुरेस्तोवर तिथेच धरून ठेवायचा, याला आम्ही सोकिंग म्हणायचो. निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरात लुडबुड सुरू केली तेव्हा हिने लगेच बजावलं, "अहो, हा ओटा आहे, तुमची भट्टी नव्हे." इतर पदार्थांपुरतं मी ते मान्य केलं. पण जर्मन पॅनकेकच्या बाबतीत माझं म्हणणं कायम आहे: ही निम्म्याहून जास्त हीट ट्रीटमेंट आहे. पीठ कुणीही कालवेल. पदार्थ होतो की बिघडतो ते तव्यावर ठरतं.

नावाचं आधी मिटवून टाकतो. हा पदार्थ या रूपात अमेरिकेतला. सिॲटलमधल्या मांका कुटुंबाच्या हॉटेलाने तो गेल्या शतकाच्या सुरुवातीला गाजवला असं तिकडे सांगतात. डच बेबी हे त्याचं दुसरं नाव. माझी लेक श्टुटगार्टला असते. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "बाबा, असलं काही इथे कुणी जर्मन म्हणून खात नाही." तिकडचे पॅनकेक पातळ, गॅसवर केलेले, बरोबर सफरचंदाचा शिजवलेला गर. उरलेल्या पॅनकेकच्या बारीक पट्ट्या कापून त्या पातळ सुपात सोडतात, त्याला फ्लेडलं म्हणतात. तिच्या एका शेजारीणबाईंनी मात्र तिला फिट्सआउफ नावाचा प्रकार खाऊ घातला. अंडी-दूध-मैद्याचंच पातळ पीठ मातीच्या भाजलेल्या साच्यांत ओतून ओव्हनमध्ये फुगवलेलं. श्वाबियाचा, म्हणजे त्याच भागाचा, जुना पदार्थ. हे कळल्यावर माझं समाधान झालं. म्हणजे जर्मनांनाही ही युक्ती माहीत होती, भांडं तेवढं वेगळं.

आता पीठ. तीन अंडी, १२० मिली दूध, ६० ते ६५ ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर आणि थोडं जायफळ किसून. परदेशी कृतींमध्ये अंडी नगावर सांगतात. तिथलं मोठं अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्या दुकानातली अंडी बऱ्याचदा त्याहून लहान असतात आणि गावठी तर आणखीच लहान. म्हणून अंडी फोडून काट्यावर १५० ग्रॅम घ्या, मग ती तीन लागोत की साडेतीन. (अर्ध्या अंड्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे मांजर सोडवतं.) दूध टोन्ड घेतो, ३ टक्के स्निग्धांशवालं. फुल क्रीम ६ टक्क्यांचं असतं, त्याने पीठ जड होतं आणि कडा कमी चढतात. चव वाईट लागते असं नाही, पण कडा हव्या असतील तर टोन्ड. व्हॅनिला मी घालत नाही. जायफळ आहे, वर लिंबू येणार आहे, तिसऱ्याची गरज काय?

बेकिंग पावडर किंवा सोडा यात नसतो. "चिमूटभर घालून बघा की," असं सांगणारे भेटतात. घालू नका. फुगायला लागणारी वाफ दुधात आणि अंड्यात भरपूर आहे.

मिक्सरमध्ये आधी अंडी आणि दूध फिरवायचं, मग मैदा घालून पुन्हा थोडं फिरवायचं, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मैदा पाणी पिऊन घेतो, वरचा फेस बसतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, गार पीठ तव्याचा ताप खातं. कणीक वापरून बघणाऱ्यांसाठी सांगतो: कोंडा पिठाची ताण धरायची ताकद कमी करतो, शिवाय पाणी जास्त ओढतो. पाव हिस्सा कणीक चालते. पूर्ण कणकेचा केलात तर जे होईल ते पौष्टिक असेल.

तव्यावर मात्र जरा थांबतो.

आमच्याकडे आईचा बिडाचा तवा आहे, गुहागरकडून आलेला. दोन कानांचा, खोलगट, आयुष्यभर घावनं काढलेला. कांदा अर्धा चिरून किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून पुसत पुसत इतका मुरला आहे की त्याला काही चिकटत नाही. लोकांना वाटतं बीड लवकर तापतं आणि सगळीकडे सारखं तापतं. तसं नाही. ॲल्युमिनियमच्या मानाने बिडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण चौथाई. म्हणून गॅसवर ठेवला की मधे ज्वालेचं कडं पडतं आणि कान मात्र कोमटच राहतात. बिडाचा गुण वजनात आहे. आमचा तवा अडीच किलोच्या घरातला. त्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर पीठ पडलं तरी त्याचं तापमान फारसं ढळत नाही. पातळ भांडं तिथेच गारठतं, मग पीठ फुगायच्या आधी शिजतं आणि खाली चिवट चकती मिळते. नॉनस्टिक पॅन तर आणूच नका, बहुतेकांची मूठ बॅकेलाइटची असते आणि कोटिंगही एवढ्या तापासाठी नसतं.

तर सोकिंग. तवा ओव्हनमध्ये ठेवून २२० अंशांवर २५ मिनिटं. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे तवा तापला असं होत नाही. दिवा हवेचं सांगतो, हवा तव्याला उष्णता सावकाश देते. घाई असेल तर आधी मध्यम गॅसवर पाच मिनिटं फिरवत फिरवत तापवा आणि मग ओव्हनमध्ये ढकला. माझ्याकडे कारखान्याच्या दिवसांतली इन्फ्रारेडची बंदूक आहे. कोरोनात दारोदार कपाळावर धरायचे ती नव्हे, ती माणसाच्या तापापुरतीच असते. ही ५०० अंशांपर्यंत जाते. काळ्या तव्यावर ती बरोबर आकडा दाखवते, चकचकीत स्टीलवर धरलीत तर फसवते, कमीच सांगते. तवा २१० च्या वर दिसला की मी पुढे सरकतो. बंदूक नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब चर्र करून जागीच न विरता गोळी होऊन पळाला की झालं.

तिकडे सगळे लोणी घालतात. मी साजूक तूप घालतो, दोन मोठे चमचे. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचे घन पदार्थ असतात. २२० अंशांच्या बिडावर ते बघता बघता काळे पडतात आणि घरभर धूर होतो. तुपातून ते कढवतानाच गेलेले असतात. लोण्याची चव हवी तर शेवटी गरम पॅनकेकवर एक लहान तुकडा वितळू द्या.

तूप घातलं, तवा फिरवून कडांना लावलं की लगेच मधोमध पीठ ओता. ढवळू नका, पसरवू नका. सगळ्यांत खालच्या जाळीवर ठेवा. छोट्या ओव्हनमध्ये वरची सळी जवळ असते आणि कडा तिला जाऊन भिडतात. दोन्ही सळ्या चालू. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही. काच पुसून बघा हवं तर.

नात स्टूल घेऊन समोरच बसते. सुरुवातीला काही होत नाही, ती "आबा, बिघडला" म्हणून मोकळी होते. मग कडा हलायला लागतात. तव्याच्या भिंतीला पीठ पातळ असतं, तिथे ते आधी तापतं, वाफ धरते आणि कड वर चढते. पुरी फुगते तेच कारण. एक ग्रॅम पाण्याची सुमारे १.७ लिटर वाफ होते. ती बाहेर पडू बघते, मैद्याचं ग्लुटेन ताणलं जातं, आणि अंड्यातली प्रथिनं त्या ताणलेल्या आकाराला घट्ट करतात. ती घट्ट होण्याआधी दार उघडलंत तर गार हवेने आतली वाफ आकसते आणि डोलारा तिथेच कोसळतो. १८ ते २० मिनिटांत कडा गडद तपकिरी आणि मधला भाग पिवळा दिसला की काढायचा. मधला भाग किंचित मऊ, कस्टर्डसारखा असतो, तो कच्चा नाही.

बाहेर आल्यावर तो बसणारच. वाफेचं पाणी होतं, जागा रिकामी होते. कडा उभ्या राहिल्या म्हणजे सगळं ठीक झालं आहे. याच कुळातल्या यॉर्कशायर पुडिंगबद्दल ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये चक्क जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा कमी उंचीचं असेल तर ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. मला हे फार आवडलं. पदार्थाला स्पेसिफिकेशन! मी पट्टी घेऊन टेबलाशी गेलो तर हिने ती काढून घेतली आणि पॅनकेक कापला.

वर काय घालायचं यावर घरात एकमत नाही. मूळ पद्धत लिंबाचा रस आणि भुरभुरलेली पिठीसाखर. माझं मत: आंबट हवंच. नुसतं मध किंवा चॉकलेट सॉस ओतलात तर तुपाचं आणि अंड्याचं जडपण तोंडात राहतं. पिठीसाखर घरची चालते, फक्त वाढताना घाला. ठाण्याच्या पावसाळी हवेत ती विरघळायला वेळ लागत नाही. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लॉर असतं म्हणून ती जरा तग धरते. डिसेंबर ते मार्चमध्ये स्टेशनबाहेर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, तिचे तुकडे लिंबाऐवजी चालतात. पण सगळ्यांत जमून येतो तो साखरांबा. कैरीचा आंबटपणा, पाकातली वेलची, आणि खाली कुरकुरीत कड. हिने तो उन्हाळ्यात करून ठेवलेला असतो आणि पॅनकेकवर तिची स्वतःची वाढणी माझ्या दुप्पट असते, तेव्हा ओटा आणि भट्टीचा वाद निघत नाही.

हापूस मी यावर घालत नाही. हापूस नुसता खावा.

सफरचंद पिठात घालायचं असेल तर फोडी आधी तुपात परतून पाणी आटवा. कच्च्या फोडींचं पाणी सुटतं आणि त्या जागी पॅनकेक ओला राहतो. तिखट करायचा असेल तर साखर आणि जायफळ वगळा, मिरपूड, कोथिंबीर, एखादी बारीक चिरलेली मिरची घाला आणि काढल्यावर वर चीज किसा. बरोबर लसणाची कोरडी चटणी. माझ्या जावयाला हाच आवडतो. मला गोडाचाच आवडतो.

काहींना अंड्याचा हिमूस वास जाणवतो. जायफळ आणि लिंबाने तो बराच जातो. कडा नीट तपकिरी झाल्या तर उरलासुरलाही जातो. मात्र श्रावणात आमच्याकडे अंडी येत नाहीत, तेव्हा ओव्हनमध्ये नानकटाई होते. बिनअंड्याचा जर्मन पॅनकेक म्हणून जे दाखवतात ते चवीला चांगलं असेलही, पण हा पदार्थ अंड्यावरच उभा आहे. ते काढलंत तर वेगळं नाव द्या.

तवा धुण्याबद्दल एवढंच: गरम असताना गार पाण्याखाली धरू नका. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारख्या रेषा असतात, एकदम ताण बसला की त्याच वाटेने तडा जातो. निवू द्या, कोमट पाण्याने पुसा, गॅसवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा.

आता लेकीने तिकडे असाच तवा मागितला आहे. आईचा देणार नाही, नवीन घेईन, जांभळी नाक्याच्या बाजारात. बिडाचा तवा घेताना तो उलटा करून बोटाच्या पेराने वाजवावा. स्वच्छ घणघणला तर बरा, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. तळाला छिद्रं, वाळूचे खडबडीत डाग किंवा एका बाजूला जाडी कमी दिसली तर ठेवून द्यावा, ओतकाम गडबडीचं आहे. रंग चढवलेला असेल तर तोही नको. आणि मोजताना कानांसकट मोजावा. आमच्या तव्याचा व्यास २५ सेंटिमीटर, पण कानांसकट ३१ भरतो, आणि ओव्हनचं दार कानांना अडतं. लेकीच्या ओव्हनची आतली रुंदी तिला विचारून ठेवली आहे. ती मोजून सांगते म्हणाली, अजून सांगितलेली नाही.