फाटक

भर दुपारी फाटक लागतं. कापसाची बंडी थांबते, तिच्यामागे फटफटी, मग काळीपिवळी. रुळावर दोन्हीकडे नुसतं ऊन.

"काऊन भाऊ, गाडीचा पत्ता नाई अन् फाटक लावून राहिले?"

गेटमन बोलत नाही. स्टेशनमास्तरचा फोन आला, फाटक लावून कुलूप घातलं, प्रायव्हेट नंबर दिला, म्हणजे फाटक लागल्याची खूण म्हणून सांगायचा गुप्त आकडा. तो मिळाल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नाही. दहा किलोमीटरवरून निघालेली मालगाडी ताशी ६० नं आली, तरी दहा मिनिटांची खोटी ठरलेली.

ज्या फाटकाला स्वतःचा सिग्नल असतो, तिथं जरा बरं. सिग्नल फाटकाच्या निदान १८० मीटर अलीकडे, त्याच्याही एक किलोमीटर अलीकडे डिस्टंट, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ खबर देणारा सिग्नल. फाटक लागून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, म्हणजे गाडीला वाट मिळत नाही. (हात जाऊन दिवे आले, तरी आपल्याकडे सिग्नल 'पडतो'च.)

एवढं आधी कशाला? गाडी चटकन थांबत नाही म्हणून. आता वणी-माजरीकडची कोळशाची गाडी घ्या. ५८ डबे, पाच हजार टनांच्या घरात. ब्रेक लावला की ब्रेकच्या पाइपातला हवेचा ५ किलोचा दाब इंजिनाकडून उतरत जातो, तो उतरला की डब्याचा ब्रेक लागतो. सहाशे मीटर मागच्या शेवटच्या डब्याला निरोप उशिराच पोचतो, आणि ब्रेक सिलिंडर पुरता भरायला १८ ते ३० सेकंद लागतात. तो मुद्दामच सावकाश भरतो. पुढचे डबे झटक्यात आवळले तर मागचे त्यांच्यावर येऊन आदळतील. म्हणजे ताशी ६० नं येत असली, तर ब्रेक पुरते बसेपर्यंतच गाडी तीनेकशे मीटर पुढे. त्यात पहिला पाऊस पडून रुळावरची धूळ ओली झाली, तर चाक फिरायचं थांबतं अन् घसरत जातं. त्याला सपाट चट्टा पडतो आणि मग ते गावोगाव ठकठक वाजतं.

वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट. आपली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोट्या रुळावरची गाडी, ताशी विसाच्या आसपास चालायची. शंभराच्या गाडीला लागतं त्याच्या पंचविसाव्या हिश्शात तिचं भागत असावं. तिला थांबवायला लाल दुपट्टाही पुरला असता.

दूर 'सी/फा'च्या (सीटी/फाटक, म्हणजे फाटकासाठी शिट्टी वाजवा) पाटीशी शिट्टी होते. फाटकापासून सहाशे मीटर. ताशी १०० नं येणाऱ्या गाडीला फाटकापर्यंत बावीस सेकंद. फटफटीवाला तेवढ्यात दांड्याखालून वाकून जायचा विचार करतो, बैल करत नाहीत.

गाडी जाते. बंडीवाला कासरा ओढतो. फाटक उघडत नाही. गेटमनचा फोन पुन्हा वाजतोय.