पुण्याच्या विहिरी, आर्क्टिकचं पाणी

आज एका संस्थेकडून पुण्याजवळच्या विहिरींची फाईल आली. नकाशावर टाकली तर सगळ्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड बेटाच्या दक्षिणेला, भर समुद्रात! पाण्याचा प्रश्न कायमचा मिटला म्हणायचं.

कारण नेहमीचंच: अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. गुगल मॅप्सवर आधी अक्षांश, मग रेखांश: १८.५२, ७३.८५. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती साठवायच्या फाईलींच्या एका प्रकारात, मात्र आधी रेखांश. २०१६ च्या मानकात तसं स्पष्ट लिहिलंय. पण मानक वाचतो कोण? गंमत अशी की गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे आणि अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे तिथली अदलाबदल लगेच पकडली जाते. आपला अख्खा महाराष्ट्र ८१ च्या आत, म्हणून सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

त्यात एका विहिरीचा अक्षांश १८.५२०४३०२९३८४७१६५. पंधरावं दशांश स्थळ म्हणजे साधारण अणूएवढं अंतर हो! मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर. सहावं स्थळ म्हणजे ११ सेंटिमीटर, तेवढं रग्गड झालं.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. खरा वैताग दुसऱ्या शीटचा. तिथे कुणीतरी एक्सेलमध्ये आकडे दोनच दशांश स्थळांवर आणून ठेवलेत. किलोमीटरभराची ढिलाई, आणि अख्ख्या वाडीच्या विहिरी एकाच ठिपक्यावर. उलटे रकाने मिनिटात सुलटे होतात, गोल केलेले आकडे परत येत नाहीत. मूळ नोंदी घेतलेला फोन कुणाकडे आहे, ते उद्या विचारते.