दोन तिरकिटांमधला गोंधळ: ऐकण्याची पाच महिन्यांची वही

पहिला महिना

शास्त्रीय गाणं ऐकायला शिकायचं ठरवलं, पण सुरुवात चुकीच्या टोकानं केली. राग ओळखता आलेच पाहिजेत, असा हट्ट. वहीत तीस रागांचा तक्ता आखला: आरोह, अवरोह, वादी (रागातला मुख्य स्वर), संवादी (त्याच्या खालोखालचा), गायची वेळ. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे गट, घोकले. मग नाव झाकून ध्वनिमुद्रण लावायचं आणि ओळखायचं. बरोबर आले चार, त्यातले दोन अंदाजपंचे. सगळ्यात वाईट म्हणजे परीक्षा देण्याच्या नादात गाणं ऐकलंच जात नव्हतं. गवई आलापात रमलेला, आणि मी आपली ‘निषाद कोमल की शुद्ध’ करत बसलेली. तक्ता बंद केला.

त्याऐवजी जुन्या 78 गतीच्या तबकड्यांवरचं गाणं ऐकायला घेतलं. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे नवख्या कानाला झेपतं. गौहर जान यांचं 1902 सालचं ध्वनिमुद्रण ऐकलं. शेवटी त्या इंग्रजीत ठणकावून स्वतःचं नाव सांगतात, ते ऐकून मला हसू आवरेना. केसरबाई केरकरांची भैरवीही अशीच छोटी, 1977 साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेली. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज पहिल्यांदा फार बारीक वाटला. चौथ्या वेळी तोच आवाज कानातून जाईना.

दुसरा आणि तिसरा महिना

आता बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश फुलवलेलं मोठं गाणं. इथे खरी फजिती.

विलंबित (संथ) एकताल बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा. एक मात्रा चारेक सेकंदांची धरली, तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटाची. एवढ्या वेळात माझं मन घरभर फिरून येतं. सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, आली की गायक आणि तबला एकदम जागेवर उतरतात, ऐकणारे ‘वा’ म्हणतात, आणि मला कळायचं ते इतरांच्या ‘वा’वरून. म्हणून महिनाभर दुसरं काही केलं नाही. गाणं मागे ठेवलं, ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) पुढे. बोटांच्या पेरांवर मोजायचं:

धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना.

घोटाळा इथेच आहे. ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. एक तिरकिट चौथ्या मात्रेवर, दुसरं दहाव्या. दोन्हींनंतर दोन मात्रा जातात आणि काहीतरी नवं सुरू होतं. दुसऱ्यानंतर येते ती सम. पहिल्यानंतर येतो नुसता ‘क’, म्हणजे सातवी मात्रा. आणि विलंबितात तबलावादक मधल्या जागा भरत असतो, त्यामुळे बोल वहीत लिहिल्यासारखे सुटे-सुटे ऐकू येतच नाहीत.

याचं प्रात्यक्षिक मी भर मैफलीत दिलं. बैठक छोटी, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली मी. तिरकिट ऐकलं, दोन मात्रा मोजल्या, आणि मोठ्या आत्मविश्वासानं मान हलवून ‘वा!’ म्हटलं. गायिका अजून आलापाच्या मध्यात. शेजारी बसलेले काका माझ्याकडे न बघताच पुटपुटले, “अजून सहा आहेत हं.” खरोखरच सहा होत्या. मुखडा, म्हणजे चिजेची (बंदिशीची) पहिली ओळ, उचलला गेला, सम आली, काकांनी मांडीवर हलकेच हात टेकवला, तोंडातून शब्द नाही. पुढची दहा-बारा आवर्तनं मी गपगुमान त्यांच्या हाताकडे बघत काढली. शिकले मात्र त्याच रात्री: समेच्या आधी मुखड्याची चाहूल लागते. गायक विस्तार आवरता घेतो, चिजेचे शब्द सुरू होतात आणि आवाज एका ठराविक वळणावर येतो. तेव्हापासून मोजणं अर्ध्यावर आणलं. आता दुसऱ्या तिरकिटाच्या आसपास कान आपोआप टवकारतात.

चौथा महिना

तंबोरा. इतके दिवस मी त्याला पाठीमागची गुणगुण समजत होते. एकदा वीस मिनिटं नुसता तंबोरा ऐकला, गाणं नाही. चार तारा: एक मंद्र (खालच्या) पंचमाची, दोन जोडाच्या मध्य षड्जाच्या, म्हणजे मधल्या ‘सा’च्या, एक खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. दहाएक मिनिटांनी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागला. कुणी गात नव्हतं, तारही गंधाराला लावलेली नव्हती. आधी भास वाटला. याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात हे नंतर कळलं. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो स्वर. जवारी, म्हणजे तार आणि घोडी यांचा नेमका स्पर्श, चांगली लागलेली असेल तर घोडीवर तार झणझणते आणि असे वरचे स्वर उघडे पडतात. घोडीवरच्या तारेखाली एक साधा दोरा असतो, तो केसभर सरकवला की आवाज बंद किंवा खुला. एवढ्याशा दोऱ्यावर एवढा कारभार!

त्यानंतर मारवा ऐकला, अमीर खाँसाहेबांचा. पंचम नाहीच, तेव्हा तंबोऱ्याची पहिली तार निषादाला. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात गाणं फिरत राहतं आणि षड्ज मुद्दाम टाळलेला. तंबोरा सतत सांगतोय घर इथे आहे, गायक दारावरून निघून जातोय. ज्या क्षणी षड्ज लागला, तेव्हा मी इतका वेळ श्वास रोखून बसले होते हे माझ्या लक्षात आलं. महिनाभर आधी हाच राग मला ‘जरा उदास’ एवढाच वाटला असता.

पाचवा महिना

ओळखण्याचा नाद सोडला होता, तरी एक राग आपसूक सापडला. सकाळी काहीतरी लागलं होतं: सा रे ग प ध. भूप, म्हटलं. पण दोन मिनिटांत खटकायला लागलं. भूपात गंधारावर निवांत बसतात, हा गवई तिथे थांबेचना, सारखा धैवताकडे धाव घेऊन वरच्या अंगात रेंगाळत होता. नाव उघडून पाहिलं: देसकार. स्वर तेच पाच, पण मुक्काम वेगळा. माझ्या तक्त्यात दोन्ही रागांपुढे वादी स्वर स्पष्ट लिहिला होता, भूप गंधार, देसकार धैवत. लिहिला मीच होता, पाठही केला होता. कानाला मात्र तो आत्ता कळला.

घराण्यांच्या वादात अजून पडलेली नाही. किराणा स्वरासाठी, जयपूर लयीच्या गुंत्यासाठी, असं जाणकार सांगतात. जयपूर घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना ते थोडं थोडं पटतंही. माझी समज अजून एवढीच की मन्सूर ऐकताना दुसरं काही काम करता येत नाही.

सध्या झुमरा तालावर आहे, कारण अमीर खाँसाहेबांचा तो मारवा झुमऱ्यातच आहे आणि तेव्हा मी ताल मोजलाच नव्हता. चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार. कालपासून तीनदा बसले, तिन्हीदा आठवीनंतर हरवले. एकतालात तिरकिट दोन होती. यात चार आहेत.